तुझ्यामुळे नाही

पाच वाजेपर्यंत प्रबंधाचं प्रकरण पाठवायचं होतं, आणि इंदूआत्या आपली निवांत गवार मोडत बसली होती. माझं डोकं नुसतं भणभणत होतं.

भांडण असं. माझ्या गाईड सुनीतीमॅडम म्हणतात, आधी वाक्याची रचना, अर्थ मागाहून तिच्यातून निघतो. परीक्षक म्हणतात, छे, अर्थच आधी, रचना त्याच्यामागून फरपटत येते. मी मॅडमच्या बाजूचा. एका वाक्याच्या दोन रचना निघत असतील तर दोन अर्थ सगळ्यांनाच लागणार, मग माणूस कुणी का असेना! आमच्या दूधविनायक मोहल्ल्यातल्या नऊ मराठी माणसांना वाक्य विचारून झालं होतं. नऊही जण दोन म्हणाले. दहावी आत्या. तिच्या मराठीत हिंदीची भेसळ सर्वांत कमी, म्हणून तिला शेवटी ठेवलं होतं.

मी कागद पुढे केला. ‘मी तुझ्यामुळे लग्न केलं नाही.’

"किती अर्थ?"

"एक."

"अगं, नीट बघ ना! एक, तू आडवा आलास म्हणून लग्न राहिलं. दुसरा, लग्न केलंय, पण कारण तू नाहीस."

"एकच."

"अरे यार, आत्या! पाँच बजने को आए! बिंदुमाधवकाकांना बरे दोन लागले!"

"त्याचं लग्न झालंय, त्याला लागतील. मी केलंच नाही, शार्दूल. मला दुसरा कुठून लागणार?"

वाक्य माझंच, घाईघाईत सुचलेलं. आई गेली तेव्हा मी चार वर्षांचा होतो, बाबांनी मला आत्याच्या ओटीत घातलं. त्याच वर्षी तिनं ठरलेलं लग्न मोडलं, हे घरात सगळ्यांना ठाऊक. का मोडलं, ते मी कधी विचारलं नव्हतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आत्या, मी गाढव आहे गं."

"ते आहेसच." ती ताट उचलून ओट्याकडे वळली आणि पाठमोरीच म्हणाली, "पण मी तुझ्यामुळे दुःखी नाहीये हो."

म्हणजे मी आहे म्हणून सुखात आहे? की दुःखी आहे, फक्त कारण मी नाही? अर्थ किती आणि कुठला, हे नऊ माणसांना बिनदिक्कत विचारलं होतं मी. तिला विचारायला जीभ रेटेना.