पंच्याखालचा भाव

मित्रांनो, मी एक जुना सुती पंचा आहे. वेल्ह्याकडच्या एका डोंगरगावात, गेनबांच्या घरी, दारामागच्या खुंटीला मी लटकलेला असतो. माझ्या कडा विरल्या आहेत, मधोमध दोन ठिगळं आहेत, आणि कधीकाळी मी पांढराशुभ्र होतो हे तुम्हाला निव्वळ माझ्या शब्दावर मानावं लागेल. नवा पाहुणा हात धुऊन आला की पुसणं समजून मलाच ओढतो. मी राग धरत नाही. पण मी पुसणं नव्हे. हजारो रुपयांचे भाव मी पोटात ठेवले आहेत आणि त्यातला एकही कधी बाहेर फुटू दिलेला नाही.

माझा जन्म हातमागावर झाला. कोणत्या गावात, ते मला सांगता येणार नाही, कारण डोळे उघडले तेव्हा मी भोरच्या बाजारात एका दुकानाच्या फळीवर घडी होऊन पडलो होतो. तिथून मला फुलाबाईंनी उचललं. फुलाबाई म्हणजे गेनबांच्या बायको. दुकानदाराने जेवढे सांगितले तेवढे पैसे त्यांनी पदराची गाठ सोडून दिले आणि मला नवऱ्याच्या खांद्यावर टाकलं. गेनबा घरी येईपर्यंत त्यांना हसत होते. सांगितलेली किंमत जशीच्या तशी देणारं माणूस त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच पाहिलं, असं ते म्हणाले.

त्यांचं हसणंही बरोबर होतं म्हणा. गेनबांचा धंदाच भाव पाडण्याचा. बैलांच्या बाजारात ते दलाल होते. विकणारा एका बाजूला, घेणारा दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये गेनबा. बैलाचा भाव कोणी तोंडाने बोलत नसे. घेणाऱ्याच्या वतीने गेनबा विकणाऱ्याच्या हातात हात घालत, वरून मी पडे, आणि माझ्या आडोशाला बोटं बोलू लागत. एक बोट दाबलं की एक हजार, पंजा धरला की पाच. भोवती पन्नास माणसं माना उंचावून उभी असत, पण कोणी किती मागितले आणि कोणी किती देऊ केले ते दोघांना आणि मलाच ठाऊक. कमी भाव ऐकून विकणाऱ्याची मान खाली जात नसे आणि घेणाऱ्यालाही कोणी कंजूष म्हणत नसे. लाज झाकायला कपडा लागतोच, तसा तिथे मी होतो.

गेनबांची एक रीत होती. पहिला भाव असा द्यायचा की समोरचा हबकला पाहिजे. तो नाही म्हणाला की मला झटकून खांद्यावर टाकायचं आणि चालू लागायचं, पण सावकाश. दहाबारा पावलांत मागून हाक येई. हाक आली की सौदा आपला. मी खांद्यावर बसल्या बसल्या पावलं मोजायचो आणि हाक आली की मनातल्या मनात फुशारायचो. बाजारात लोक म्हणत, गेनबांचा पंचा पडला की दोन-चार हजार उतरलेच समजा. ते ऐकून मी किती फुगत असेन, ते तुम्हीच ओळखा.

पुढे शिवारात ट्रॅक्टर आले, बैल कमी झाले आणि जे उरले त्यांचेही फोटो मोबाईलवर जाऊन तिथेच सौदे होऊ लागले. गेनबा घरी बसले आणि मी खुंटीला. ते दुःख मी सोसलं असतं. वस्तू म्हटली की एक दिवस अडगळ होणारच. पण त्याच सुमारास फुलाबाईंची मूत्रपिंडं निकामी झाली आणि घराची रयाच गेली.

आठवड्यातून दोनदा त्यांना रक्त शुद्ध करून घ्यायला भोरच्या एका दवाखान्यात न्यावं लागे. आधी गावातून वडापच्या, म्हणजे माणसं कोंबून नेणाऱ्या खासगी गाडीने नसरापूर, तिथून एसटीने भोर, आणि तसंच परत. रक्त धुऊन झालं की माणसाच्या अंगात त्राण राहत नाही. परतीच्या वाटेवर फुलाबाई माझ्या घडीवर डोकं टेकून डोळे मिटून बसत आणि प्रत्येक वळणाला माझं टोक मुठीत आवळून धरत. मुलगा स्वरूप, टेम्पो चालवतो तो, एक दिवस म्हणाला, आपण भोरमध्येच घर बघू. गेनबांनाही पटलं. पानशेतच्या अंगाला धरणाकाठी त्यांची पडीक जमीन होती. ती पुण्याच्या एका गृहस्थांना बंगल्यासाठी हवी होती. गेनबांनी त्यांना तीनदा रिकाम्या हाताने परत लावलं आणि चौथ्या खेपेला ते आपणहून चार लाखांनी चढले. हाती वीस लाख आले, आणि आपली रीत अजून चालते हेही गेनबांना कळलं. दुसरं कळलं नसतं तर बरं झालं असतं.

घर स्वरूपनेच शोधलं. संजीवनीबाई नावाच्या निवृत्त नर्सबाईंचं ते होतं. त्या लेकीकडे कायमच्या राहायला निघाल्या होत्या. दोन खोल्या, पुढे ओटा, मागे मोरीजवळ ऊन येणारी जागा, आणि दवाखाना त्याच गल्लीच्या तोंडाशी. मागत होत्या एकवीस लाख.

दिवाळीनंतर घर बघायला जायचं ठरलं. त्याच्या आदल्या दिवशी दुपारी गेनबा दाढी करता करता हिशोब मांडत होते. एकवीस मागतात म्हणजे मनात एकोणीस असणार. आपण चौदा म्हणायचं. त्या उतरतील, आपण थोडं चढू, आणि सतराला गाठ पडेल. तीन लाख वाचतील, ते हिच्या औषधाला. मित्रांनो, ते तीन लाख त्यांना स्वतःसाठी नको होते, हे ध्यानात ठेवा. त्यांच्याबद्दल वाईट मत करून घेण्याआधी एवढं माझ्यासाठी करा.

घर बघायला फुलाबाई दवाखान्यातून चालत गेल्या. रक्त धुऊन झाल्यावर त्या कधी चार पावलं आधाराशिवाय टाकत नसत, पण त्या दिवशी गल्लीभर चालल्या आणि वाटेत एकदाच थांबल्या. मागच्या उन्हात उभ्या राहून त्यांनी संजीवनीबाईंना विचारलं, "हितं एखादी बाज मावंल का वो?" संजीवनीबाई म्हणाल्या, दोन मावतील. मग सगळे ओट्यावर बसले. शेजारच्या एक बाईही येऊन टेकल्या.

इथे एक अडचण आली. भाव करायची वेळ झाली तसा गेनबांचा हात सवयीने माझ्याकडे आला आणि थबकला. समोर बाईमाणूस. परक्या बाईचा हात पंच्याखाली धरणार कसा? चाळीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांना भाव तोंडाने सांगायची पाळी आली. मी खांद्यावर नुसता पडून राहिलो.

संजीवनीबाई आपणहून म्हणाल्या, "एकवीस सांगितलेत, पण तुमचं काम दवाखान्याचं आहे. लाख-दीड लाख इकडंतिकडं करू आपण."

"चौदा," गेनबा म्हणाले.

शेजारच्या बाई पायाच्या अंगठ्याकडे बघू लागल्या. स्वरूपने मान दुसरीकडे वळवली. फुलाबाईंनी मात्र नवऱ्याकडे एकदाच पाहिलं, आणि ते पाहणं खांद्यावरून मला नीट दिसलं. संजीवनीबाई रागावल्या नाहीत. 'बरं' म्हणाल्या, कागदांची पिशवी मिटली आणि चहा घेणार का विचारलं. गेनबांना वाटलं, बाई हबकली, आता काम झालं. त्यांनी मला झटकून खांद्यावर टाकलं आणि सावकाश चालू लागले. मीही पावलं मोजत होतो. खोटं कशाला सांगू, माझी छाती तेव्हा पुन्हा फुगली होती. दहा झाली, बारा झाली, वीस झाली. मागे दार लागल्याचा आवाज आला.

त्यानंतर बारा दिवस गेनबा हाकेची वाट बघत राहिले. स्वरूप विनवून दमला. "अठरा म्हना आनि मोकळं व्हा, बाबा," तो म्हणायचा. गेनबांचं एकच, बोलावणं आल्याबिगर पुन्हा त्या दारात पाय टाकायचा नाही, टाकला की भाव चढला. फुलाबाई फक्त दवाखान्यातून निघताना दोनदा म्हणाल्या, त्या गल्लीनं जाऊ. गल्लीतून जाताना त्या घराकडे बघत नसत, समोर बघत चालत.

बाराव्या दिवशी एसटीतून उतरताना फुलाबाईंचे पाय उचलेनात. बापलेकांनी धरून त्यांना दवाखान्यात पोचवलं. तेव्हा मात्र गेनबांची रीत, ऐट, सगळं गळून पडलं. ते तसेच तरातरा संजीवनीबाईंच्या दारात गेले. वीसच्या वीस लाख द्यायला निघाले होते. घामाने मी पार भिजलो होतो.

संजीवनीबाई सामान बांधत होत्या. घर परवाच गेलं होतं, एकोणीस लाखांना. एक तरुण जोडपं आलं, शेवटचं किती म्हणून विचारलं, त्यांनी एकोणीस सांगितले आणि ते हो म्हणाले.

"तुम्ही विचारलं असतं तर तुम्हालाही एकोणीसच सांगितले असते," त्या म्हणाल्या. "चौदा ऐकलं आणि मला वाटलं, या माणसाला घर घ्यायचंच नाही. वहिनींना वाईट वाटू नये म्हणून नुसते बघायला आलेत."

गेनबा दवाखान्यात परत आले. फुलाबाई खाटेवर होत्या, हाताला नळ्या लावलेल्या. घर गेलं, एवढंच त्यांनी सांगितलं. फुलाबाई छताकडे बघत अगदी हळू, रागाचा मागमूस नसलेल्या आवाजात बोलल्या, "बैलाची किंमत तुमी कदी कुनाला कळू दिली न्हाई. माजी मातर समद्यांम्होरं सांगितली."

गेनबांनी मला तोंडावर धरलं. माणूस रडताना दिसू नये म्हणून मी जेवढा पसरता येईल तेवढा पसरलो.

दुसरं घर शोधलं नाही असं नाही. पण दवाखान्याजवळची मिळेनात आणि मिळणारी लांब, नाही तर जिने चढायची. भाड्याची खोली बघितली तर फुलाबाई म्हणाल्या, आता राहू द्या, सवय झाली. होळी झाल्यावर चार दिवसांनी, भोरला जाताना, मार्गासनीच्या पुढे वडापच्या गाडीतच त्यांनी मान टाकली. डोकं माझ्या घडीवरच होतं. गाडीत सात माणसं होती आणि त्यांना आडवं करायलासुद्धा जागा नव्हती.

आता गेनबा कशाचाच भाव करत नाहीत. भाजीवाला जे सांगेल ते देतात. गावात लोक म्हणतात, म्हातारं बिघडलं. वीस लाख बँकेत तसेच आहेत आणि स्वरूप त्या पैशांचं नाव काढत नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी सांगतात, आम्हाला टाकू नका, नीट सांभाळा. माझं तसं मागणं नाही. पायपुसणं केलंत तरी चालेल. मला दुसरंच सांगायचं आहे, आणि ते सांगताना माझाही दोष कबूल करतो, कारण पहिला भाव पाडण्याची आणि हाकेची वाट बघण्याची ऐट माझ्याच खाली वाढली. घासाघीस करायची तर जरूर करा. बैलाची करा, भांड्याची करा. पण जी वस्तू घरातल्या आजारी माणसासाठी घ्यायची, तिथे आधी त्याच्या तोंडाकडे बघा आणि मग आकडा बोला. त्या घरासाठी गेनबांकडे वीस लाख होते. फुलाबाईंकडे चार महिने होते. ते चार महिने त्या मागच्या उन्हात बाजेवर बसून गेले असते.