निसटलेली फरशी

बेलवलीत उमाबद्दल सगळ्यांना एवढंच ठाऊक होतं की ती अमेरिकेत फरशा बसवते. अंतराळातून परतताना यान हवेत शिरलं की त्याचं पोट लालबुंद तापतं, म्हणून खालून उष्णता अडवणाऱ्या फरशा चिकटवतात आणि त्या धड आहेत की नाहीत हे पाहणं आपलं काम, असं तिने आईला, सुनेत्राबाईंना, एकदा नीट समजावलं होतं. सुनेत्राबाईंनी शेजारी सांगताना मधलं सगळं गाळलं.

शहाण्णवच्या हिवाळ्यात सुनेत्राबाई मोरीत घसरल्या आणि मांडीचं हाड मोडलं. उमा तातडीने रजा टाकून निघाली. त्याच्या आदल्याच दिवशी यान वर गेलं होतं. उड्डाणाच्या चित्रफितीत तिला इंधनाच्या टाकीवरचा एक तुकडा सुटून डाव्या पंखाखाली आपटताना दिसला. पंख तपासल्याशिवाय यान उतरवायला तिने लेखी हरकत नोंदवली आणि विमान पकडलं.

तेव्हापासून दिवसभर आईचं शौचाचं भांडं काढायचं, तिला कुशीवर वळवायचं, पाठीला पावडर लावायची. संध्याकाळी तिकडे सकाळ झाली की हरिचंद्रच्या टेलिफोन बूथवर जाऊन अमेरिकेतल्या साहेबांना फोन लावायचा. हरिचंद्रने सोनिवलीची शेती बिल्डरला देऊन स्टेशनजवळ हा बूथ टाकला होता. उमाची पाठ दुखत होती, डोळे जळत होते. बूथच्या काचेला डोकं टेकून ती उभी राही.

"वॉल्टर, पंखाचे फोटो मागवले का?" तिने विचारलं.

"कशाला?" तिकडून साहेब म्हणाले. "फोटोत भोक दिसलं तर ते बुजवणार कोण? वर डिंक नाही की फरशी नाही."

"बुजवू नका. उतरताना कोन थोडा बदला. डावी बाजू कमी तापेल."

"कोन बदलला तर धावपट्टी हुकायची भीती. उमा, पाच माणसं वर आहेत. त्यांचा प्राणवायू काही तुझ्यासाठी थांबणार नाही. तू हरकत मागे घे."

"न बघता नाही घेणार."

साहेब हळूच म्हणाले, "तू रजेवर आहेस. तुझ्या जागी दुसऱ्याने मंजुरीची सही केलीय. उद्या उतरतंय. आईची काळजी घे."

फोन ठेवला तरी ती बाहेर येईना. हरिचंद्रने दार किलकिलं केलं. "काय झाला गो ताय? कोनाचा वाईट झाला काय?"

"नाही. अजून नाही."

"मंग पानी पी. तोंड बग कसा झालाय तुजा."

दुसऱ्या दिवशी तिने आईला भरवलं, चादर बदलली, कपडे पिळले. हात चालत होते, लक्ष घड्याळावर होतं. सुनेत्राबाई म्हणाल्या, "चिडलीस का गं माझ्यावर? पडले म्हणून तुला यावं लागलं."

"नाही गं आई," ती म्हणाली. पण रात्रीपासून तिच्या मनात तेच घोळत होतं. आपण तिथे असतो तर त्यांना दुसऱ्याची सही घेता आली नसती. त्या विचाराची तिला लाज वाटली, आणि लाजेचाही कंटाळा आला.

संध्याकाळी फोन लागला तेव्हा तिकडे टाळ्या, हशा चालला होता. "उतरलं!" साहेब ओरडले. "पाचही जण चालत बाहेर आले."

उमा स्टुलावर बसली. मग म्हणाली, "डावा पंख?"

साहेबांचा आवाज थोडा दूर गेल्यासारखा वाटला. "एक फरशी गेली. खालचा पत्रा वितळायला लागला होता. पण टिकला. मी हेच तर म्हणत होतो, टिकतं!"

घरी वडील, विष्णुपंत, ओसरीत वाट पाहत होते. अंबरनाथच्या कारखान्यात बॉयलर सांभाळण्यात त्यांचा जन्म गेला होता. तिने सगळं सांगितलं. ते सुपारी कातरत ऐकत होते.

"न फुटलेल्या बॉयलरची चौकशी कोण करतो, बाळ?" ते म्हणाले. "आता पुढच्या वेळी तुला कोणी विचारणारही नाही."

"माहितेय, बाबा."

"नोकरी सोडतेस?"

आतून आईने हाक मारली, ती उठली. आईला वळवताना कमरेत चमक भरली आणि ती तशीच पलंगाच्या कडेला टेकली. आनंद व्हायला हवा होता. पाच घरांत आज दिवाळी असेल. तिला फक्त झोपावंसं वाटत होतं.

पण दुसऱ्या संध्याकाळी ती पुन्हा बूथवर गेली.

"आता काय?" साहेब वैतागले.

"तो वितळलेला पत्रा कापून ठेवा. भंगारात टाकू नका. मी आल्यावर बघणार आहे."

"उमा, संपलं ते."

"पुढचं यान जूनमध्ये आहे ना?"

तिकडून एक लांब उसासा आला. "ठेवतो," साहेब म्हणाले. "कधी येतेस?"

"आई काठी धरून उभी राहिली की," ती म्हणाली आणि औषधाच्या दुकानाकडे वळली.