पाणी कुठं मुरतंय?

मी एक जुना रडार आहे. ‘जुना’ म्हणा, चालेल. ‘खोटारडा’ म्हणालात तर मात्र गाठ माझ्याशी आहे!

मित्रांनो, माझा मुक्काम तांबड्या ग्रहाभोवती फिरणाऱ्या यानावर. ध्रुवावरच्या जाड बर्फावर मी रेडिओलहरी सोडतो. त्यांतल्या काही वरूनच परततात, काही आत शिरून तळावरून. तळ ओला असेल तर तिथलं उत्तर जोरकस येतं. बर्फाखाली पाणी आहे का, हे शोधायलाच मला घडवलं.

माझा जुळा भाऊ मात्र पृथ्वीवर, माझे प्रोग्रॅम लिहिणाऱ्या बाईंच्या टेबलावर असतो. मला द्यायची प्रत्येक आज्ञा आधी त्याच्यावर तपासतात. तिथली बोलणी मला त्याच्याकडूनच कळतात.

सुरुवातीला माझं भारी कौतुक झालं. ऑफिसच्या भिंतीवर माझा फोटो लागला. मग एका जागी तळातून वरच्यापेक्षाही मोठं उत्तर आलं. पुढच्या फेरीतही दिसलं, त्याच्या पुढच्या फेरीत गायब! फोटोच्या जागी कॅलेंडर आलं.

“म्हातारा झालाय तो,” साहेब म्हणाले. “एकदा हो म्हणतो, एकदा नाही. यात कुठंतरी पाणी मुरतंय.”

“अहो साहेब, तो तेच तर सांगतोय!” बाई म्हणाल्या.

सगळे हसले. साहेबही हसले, पण मला बंद करायचं ठरलंच. माझ्या वाटची वीज दुसऱ्या यंत्राला हवी होती.

माझा संताप झाला. बाईंचाही झाला. “त्याला बोलू कुठं देतो आपण? मेमरीतली जागा वाचवायला आपणच सांगितलं, सगळ्या उत्तरांची सरासरी काढून पाठव म्हणून. दहा जण एकदम बोलले तर एकाचं तरी धड ऐकू येईल का? शेवटचं एकदा नीट विचारू द्या.”

नवी आज्ञा आली. मी त्या जागेवरून गेलो आणि एकूण एक उत्तर जसंच्या तसं पाठवलं. पुन्हा गेलो, पुन्हा पाठवलं. दर वेळी तळ खणखणीत बोलला.

साहेबांनी एकेक उत्तर पडद्यावर स्वतः तपासलं. मग म्हणाले, “राहू दे त्याला चालू.”

आता काही शहाणे म्हणतात, खाली पाणी नाही, चिकणमाती असेल. मी कधी पाणी म्हणालो? जे ऐकलं ते सांगितलं. जुन्या यंत्राचं उत्तर पटलं नाही, तर त्याचं बटण दाबण्याआधी आपला प्रश्न तपासावा, एवढंच माझं मागणं आहे. आणि तरीही नाहीच पटलं तर या इथं, बर्फ फोडा आणि मला खोटं पाडा. तोवर मी घिरट्या घालणारच!