आभाळातून पाठमोरे

येरमाळ्याला येडाईदेवीच्या जत्रेत सिनेमाचा तंबू गच्च भरला आणि मशीन चालवणारा बलभीम पुन्हा पुन्हा रिळं मोजू लागला. आठवड्यापूर्वी अणदूरला ऐन खेळात त्याला डुलकी लागली होती आणि याच सिनेमाचं शेवटचं रीळ मशीनमध्येच जळालं होतं. मालक उत्तरेश्वरने बजावलं होतं, "आज लोक बोंबलले तर सकाळची एस.टी. धर. परत तोंड दावू नगंस."

सिनेमा इंग्रजी, म्हणून भोंग्यावरून गोष्ट सांगायची तीही बलभीमनेच. तीन गडी अग्निबाणात बसून आभाळात जातात आणि लांबच्या ताऱ्यावर अडकतात. गेल्याच साली रशियाचा माणूस वर जाऊन आला होता, त्यामुळे लोकांना सगळं पटत होतं. पण गडी अडकले, रीळ संपलं आणि पडदा पांढराफटक पडला.

"पोरं घरी आली का न्हाय?" पुढं बसलेली म्हातारी धुरपदाबाई उठून उभी राहिली. "ती आल्याबिगर आमी हालत न्हाय!"

बायकांनी तिची री ओढली. मागून शिट्ट्या सुरू झाल्या.

आळशालाही कधी देव पावतो. पहिलं रीळ बलभीमने परत गुंडाळलंच नव्हतं, त्यामुळे त्याचा शेवट वरच होता, आणि त्या शेवटी अग्निबाण उडत होता. त्याने ते चढवलं, मशीनचा पट्टा काढला आणि दांडा हाताने उलटा फिरवला. अग्निबाण अलगद खाली उतरला, धूर त्याच्या बुडात शिरला, दार उघडलं. लोकांनी टाळ्या पिटल्या. पण गडी बाहेर आले ते उलट्या पावलांनी, तोंडं अग्निबाणाकडे करून.

"आरं, ही मागं मागं का चालत्यात?" कुणीतरी ओरडलं. भोंग्यातून बलभीमचा रडवेला आवाज आला, "मंडळी, ते... ते..."

"का म्हंजे?" धुरपदाबाई कडाडली. "येडाईम्होरनं निघताना तू आईला पाठ दावतूस व्हय? ज्यानं सुखरूप आणलं, त्याला कसं पाठ दावतील?"

मग येडाईच्या नावाने असा उदो झाला की उत्तरेश्वरही हात जोडून उभा राहिला.

खेळ सुटल्यावर बलभीमने धावत जाऊन म्हातारीचे पाय धरले.

"धूर आत जाताना म्या बघितला की रं," ती हळूच म्हणाली. "चुलीम्होरं जलम गेलाय माजा."

"मग तुमी बोलला का न्हाई, आज्जी?"

"भोंग्यातनं तुजा आवाज ऐकला. लई रडकुंडीला आलतास."

बलभीमचे डोळे भरून आले. एवढं त्याच्यासाठी आजवर कुणी केलं नव्हतं. हात जोडून तो मागं मागं सरकत निघाला, आणि तंबूच्या दोरात पाय अडकून पडेपर्यंत त्याने तिला पाठ दाखवली नाही.