धक्क्यावरची रीत

लोर्नानं बॅगेच्या तळातून आपला निळा स्विमसूट ओढून काढला, झटकला आणि टेसाच्या अंगाला लावून पाहिला. खांद्यात थोडा ढगळ होता.

"चालेल," ती म्हणाली. "पाण्यात कोण बघतंय?"

टेसा हॉटेलच्या खिडकीशी उभी होती. खाली वेलिंग्टनचा धक्का होता आणि त्याच्यापुढे बंदराचं काळपट पाणी. जुलै अर्धा सरला होता, म्हणजे इकडची ऐन थंडी, आणि दक्षिणेचा गार वारा सकाळपासून काचांवर डोकं आपटत होता. रस्त्यावरची माणसं टोप्या हातानं दाबून, तिरकी होऊन चालली होती.

"उद्या सकाळी सगळेच उडी मारतात?" टेसानं विचारलं. "खरंच सगळे?"

"सगळे. आधी नवीन सून, तिच्यामागून आम्ही. मीसुद्धा मारली आहे."

शेवटचं वाक्य खरं होतं. बाकीचं धडधडीत खोटं.

लोर्नाच्या सासरची मेंढ्यांची शेती डोंगरापलीकडे, मास्टरटनच्या बाजूला. मेंढ्या व्यायला लागल्या की माणसाला जेवायची फुरसत नसते, म्हणून त्याआधी, ऐन थंडीत, कुत्री शेजाऱ्यांकडे सोडायची आणि चार दिवस धक्क्यावरच्या याच हॉटेलात येऊन राहायचं, हे सासऱ्यांच्या आईवडिलांपासून चालत आलेलं. सासरे गेले तरी सासूबाईंनी, म्हणजे मॉयरानं, ते मोडू दिलं नाही. मॉयरापुढे कुत्रीसुद्धा विचारून भुंकत. थोरला स्टुअर्ट आणि त्याची बायको लोर्ना दरवर्षी असत. धाकटा कॅलम इतकी वर्षं एकटाच यायचा, यंदा पहिल्यांदा त्याच्याबरोबर होणारी बायको आली होती. ही टेसा. दातांच्या दवाखान्यात काम करणारी, कमी बोलणारी, आणि बोलली की समोरच्याच्या डोळ्यांत बघणारी मुलगी.

लोर्ना स्वतः नवी होती तेव्हाची गोष्ट. सासऱ्यांनी जेवताना गंभीर चेहऱ्यानं सांगितलं होतं, की पहिल्या सहलीत शेवटच्या सकाळी नव्या सुनेनं धक्क्यावरून उडी मारायची आणि मागोमाग सगळ्या घरानं. सकाळी सगळे हॉटेलचे पांढरे बाथरोब घालून धक्क्यावर उभे राहिले. एक, दोन, तीन झालं. लोर्नानं बाथरोब टाकला आणि झोकून दिलं. पाण्यानं छातीत असा दणका मारला की श्वासच परत येईना. डोकं वर काढून पाहते तर सगळे कोरडे. बाथरोब उघडून उभे, आत कोट, स्वेटर, लोकरी विजारी. मॉयरा तर पोट धरून हसत होती. ती शिडीवरून वर येताना सासऱ्यांनी टॉवेल पुढे केला आणि म्हणाले, "आमच्या घरात बायका अशाच येतात, पोरी." स्टुअर्टही हसत होता. त्याच्याकडे मात्र तिनं तेव्हा नीट पाहिलं नाही.

त्या दिवशी नाश्ता तिनं खोलीतच मागवला. कान आठवडाभर ठणकला. मग तिनं स्वतःची समजूत घातली. सासूबाईसुद्धा अशाच भिजल्या असणार, घराची रीतच आहे, आणि रीत म्हटली की नवऱ्याचं तरी काय चालणार? त्याला बोलायची बंदीच असणार. असं एकदा मनाशी पक्कं केल्यावर ती स्वतःच हसायला शिकली. पुढे पुढे तर ही गोष्ट तीच रंगवून सांगू लागली, दात कसे वाजत होते त्याची नक्कल करून. तरी आत एक गोष्ट बोचत राहिली. तिच्यानंतर कुणी भिजलंच नव्हतं. बारा वर्षं ती घरातली शेवटची भिजलेली बाई होती आणि तिला ते संपवायचं होतं. दुसरं कुणीतरी त्या शिडीवरून कुडकुडत वर यावं, आणि आपण वर, कोरड्यांच्यात असावं. एवढंच तिला हवं होतं, पण फार हवं होतं.

"मला थंड पाण्याची भीती वाटते," टेसा म्हणाली. स्विमसूट तिनं घडी करून काखेत धरला होता. "लहानपणी नदीत पडले होते मी. भावानं बाहेर काढलं. तेव्हापासून छातीत धस्स होतं." मग ती लोर्नाच्या डोळ्यांत बघत म्हणाली, "तू मला खरं सांगशील ना? म्हणूनच तुझ्याकडे आले. बाकीच्यांचं काही कळत नाही मला."

लोर्ना बॅगेची चेन लावत होती. चेन अडकली. तिनं ती मागे घेतली आणि पुन्हा पुढे ओढली. आता सांगून टाकावं असं तिला एक क्षण वाटलं, नाही असं नाही. पण मग पुन्हा तीच शेवटची भिजलेली उरणार होती.

"एकदा मारलीस की काही वाटत नाही," ती म्हणाली. "आणि नाही म्हणालीस तर मॉयरा जन्मभर बोलून दाखवतील. तू त्यांना ओळखत नाहीस."

टेसानं मान हलवली, आभार मानले आणि गेली.

संध्याकाळी जेवताना मॉयराला चांगलाच सूर लागला होता. कोकराच्या तंगडीवर पुदिन्याची चटणी ओतता ओतता तिनं टेसाला विचारलं, की शहरातल्या मुली हल्ली पाण्याला घाबरतात म्हणे, खरं का? मागच्या जन्मी मांजर होतीस का गं? कॅलम ताटात बघून हसला. स्टुअर्टनं हवामानाचा विषय काढला, उद्या वारा आणखी वाढणार म्हणाला. टेसानं सगळ्यांना उत्तरं दिली, पण जेवली थोडंच. लोर्नाला तिची दया येत होती आणि दयेबरोबर मनात गोड गुदगुल्याही होत होत्या. आपण किती दुष्ट आहोत, असं वाटूनही तिनं गोडाची दुसरी ताटली मागवली.

सकाळी सगळे धक्क्यावर जमले. बाथरोबखाली लोर्नानं दोन स्वेटर घातले होते, त्यामुळे ती फुगलेली दिसत होती. तेवढ्यासाठी ती स्टुअर्टच्या मागे उभी राहिली. पलीकडून फेरी बोट सुटत होती. वाऱ्यानं पाण्यावर पांढऱ्या रेघा उठत होत्या. टेसा धक्क्याच्या अगदी कडेला जाऊन उभी राहिली, बाथरोब गळ्यापाशी मुठीत घट्ट धरून. तिचे ओठ पांढरे पडले होते.

मॉयरानं आकडे मोजले. तीन म्हणताना तिचा आवाज हसण्यानं फुटलाच.

टेसा वळली. तिनं बाथरोबचा पट्टा सोडला. आत कॅलमचा जाड तपकिरी स्वेटर होता, त्याखाली जीन्स, आणि गळ्याभोवती दोन वेढे घेतलेला मफलर.

मग कॅलम फिस्सकन हसला आणि मॉयरानं त्याच्या दंडावर चापट मारली.

"मेल्या, सांगितलंस तू तिला!"

"गाडीतच," कॅलम म्हणाला. "डोंगर चढतानाच. नाहीतर मला मारून टाकलं असतं तिनं."

मॉयरा रागावली नाही. उलट तिनं टेसाला जवळ घेतलं, मफलर नीट केला. "बापावर गेलाय हा. यांनीही मला आदल्या दिवशीच सांगून टाकलं होतं. सासूबाईंचा चेहरा बघायला हवा होता!" मग लोर्नाकडे मान करून म्हणाली, "पुढच्यास ठेच, मागचा शहाणा. काय?"

"म्हणजे तुम्ही उडी मारली नव्हती?" लोर्नानं विचारलं.

"मी? या पाण्यात? मला काय वेड लागलं होतं?"

सगळे हसले. लोर्नाही हसली, सवयीनं. टेसा मात्र हसली नाही. जाताना ती लोर्नापाशी थांबली आणि अगदी हळू म्हणाली, "मी काल विचारायला आले होते तुला." एवढंच. मग कॅलमचा हात धरून हॉटेलकडे गेली. मॉयरा त्यांच्यामागून गेली.

धक्क्यावर लोर्ना आणि स्टुअर्ट राहिले. तिला ओरडावंसं वाटत होतं आणि ओरडायला नेमकं काय होतं ते सापडत नव्हतं. सुनेनं भिजायची रीत नव्हतीच. नवऱ्यांना बोलायची बंदीही नव्हती. या घरात दोन नवऱ्यांनी आपापल्या बायकांना सांगितलं होतं, आणि बारा वर्षं तिनं ज्याला माफ केलं होतं, त्यानं माफी मागण्यासारखं आपण काही केलंय हे मानलंसुद्धा नव्हतं. स्टुअर्ट वाऱ्याकडे पाठ करून चष्म्यावरचे पाण्याचे थेंब पुसत होता.

"तू मला का नाही सांगितलंस?"

त्यानं चष्मा घातला. प्रश्नाचा त्याला राग आला नव्हता. तो खरंच आठवून बघत होता.

"सांगितलं असतं तर तू मारली नसतीस," तो म्हणाला.

ती थांबली. आणखी काही येईल असं तिला वाटलं.

"चल," स्टुअर्ट म्हणाला. "उशीर झाला की नाश्त्याचे चीजचे स्कोन संपतात."

तो पुढे निघाला. लोर्नानं दोन स्वेटरांवरचा बाथरोबचा पट्टा पुन्हा बांधला. बांधताना तिचे हात इतके कापत होते, की शेजारून पळत चाललेल्या एका अनोळखी बाईनं थांबून विचारलं, तुम्ही पाण्यात पडलात का?