चांगल्या कामासाठी ठेवलेला कागद

"कागद एवढा नाकाला लावू नका, डॉक्टर. वास संपून जाईल," मी चहाचा ट्रे ठेवत म्हटलं.

दातांचे डॉक्टर हसले नाहीत. दर दुसऱ्या रविवारी आमच्या बैठकीच्या खोलीत जमणाऱ्या सहा जणांपैकी कुणालाच माझ्या बोलण्यावर हसता येत नसे. डॉक्टरांनी तो कागद खिडकीकडे धरून उजेडात त्याचं जलचिन्ह पाहिलं आणि दोन्ही हातांनी शेजारच्या निवृत्त मुख्याध्यापकांकडे दिला. मुख्याध्यापकांनी त्यावरून बोट फिरवलं आणि डोळे मिटले. मी सव्वीस वर्षं प्रसूतीच्या वॉर्डात नर्स होते. खरी बाळंसुद्धा इतक्या हलक्या हातांनी घेतलेली मी फारशी पाहिली नाहीत.

"कापसाचा आहे," आमचे हे म्हणाले. "पन्नास पानं. ती कागदाची गिरणीच बंद पडली. आता कुठे मिळायचा नाही."

"मग यावर लिहिणार काय?" मी विचारलं.

"आत्ताच कसं लिहिणार? चांगल्या कामासाठी ठेवलाय."

ही गोष्ट चौदा वर्षांपूर्वीची. त्यानंतर सगळी पानं पाकिटात घालून वर पट्टी चिकटवली, ते पाकीट वरच्या खणात गेलं आणि तिथेच राहिलं.

हा पेनांचा छंद आमच्या घरात नेमका कधी शिरला ते मला आठवत नाही. वाळवी कधी लागली ते तरी कुठे आठवतं? काचेच्या कपाटातली माझी चांगली भांडी माळ्यावर गेली आणि तिथे त्रेचाळीस पेनं आणि साठाच्या वर शाईच्या बाटल्या आल्या. निळी शाई ती निळीच की, असं मी एकदा बोलून बसले, तर मला अर्धा तास खुर्चीत बसवून अकरा निळ्या शाया दाखवल्या. एक सुकल्यावर कडेने लाल झळकते, एक ओली असताना हिरवट दिसते. मला सगळ्या निळ्याच दिसल्या. आणि एवढ्या सामग्रीने लिहायचं काय, तर वहीत एकाखाली एक ओळी: 'ही शाई चांगली उतरते. ही शाई जरा कोरडी वाटते. ही शाई चांगली उतरते.' अशा नऊ वह्या भरल्या होत्या. तेहतीस वर्षांच्या संसारात या माणसाने मला दोन ओळींची चिठ्ठी लिहिली नाही. लेक शिकायला बाहेरगावी होती, तेव्हा तिला पत्र टाका म्हटलं, तर म्हणाले, "पोस्टात पाकीट दुमडतात. कागदाला घडी पडते." मग फोनच केला.

हे नोंदणी कार्यालयात कारकून होते. घरांचे, जमिनींचे, लग्नांचे कागद यांच्या टेबलावरून जायचे. यांची सही तिथे प्रसिद्ध होती. पहिलं अक्षर दुमजली, मग एक लांब रेघ, ती वळून नावाच्या खालून परत यायची आणि शेवटी दोन टिंबं. ज्यांना सही येत नाही त्यांचा अंगठा घ्यायचं कामही यांचंच होतं. संध्याकाळी घरी आले की साबणाने दोनदा हात धुवायचे आणि सांगायचे, "आज सतरा अंगठेबहाद्दर."

यांचा खरा राग होता तो भिंतीवरून. अंगठा दिलेली माणसं बाहेर पडताना बोटाची शाई भिंतीला पुसत. दाराच्या चौकटीशेजारी, छातीच्या उंचीवर, काळ्या फराट्यांचा पट्टाच झाला होता. हे दरवर्षी अर्ज करून भिंत रंगवून घेत, आणि महिन्याभरात पट्टा पुन्हा हजर. "भिंत काय तुमच्या बापाची आहे?" असं हे खुर्चीतून ओरडत. कसं ओरडलो ते घरी येऊन मला करूनही दाखवत.

मला 'अंगठेबहाद्दर' या शब्दाची चीड होती. तीच माणसं माझ्या वॉर्डात बायकोच्या ऑपरेशनच्या कागदावर अंगठा द्यायची, आणि देण्याआधी विचारायची, ती वाचेल ना? मी एकदा म्हटलं, "तुमच्या नऊ वह्यांत मिळून जेवढा मजकूर नाही, तेवढा त्यांच्या एका अंगठ्यात असतो." हे चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. ते चार दिवस बरे गेले.

निवृत्तीनंतर तिसऱ्या वर्षी यांना झटका आला आणि उजवी बाजू गेली. बोलणं महिन्याभरात परत आलं. पाय काठीच्या आधाराने टेकू लागला. उजवा हात मात्र मांडीवर पडून राहिला, बोटं तेवढी जराशी हलायची. रविवारची मंडळी भेटायला आली, तेव्हा मुख्याध्यापकांनी या माणसासाठी काय आणावं? शाईची बाटली. ती उशाशी ठेवून ते रंगाबद्दल बोलत बसले, आणि हे छताकडे बघत ऐकत होते. त्या दिवशी मी कुणाला चहा विचारला नाही.

त्याच सुमारास लेकीने लग्न ठरवलं. समारंभ नको, यांच्याच जुन्या कार्यालयात जाऊन नोंदणी करू, असं त्या दोघांचं मत होतं. ती घाईघाईत बोलून गेली, "बाबा, साक्षीदार म्हणून पहिली सही तुमची हं." मग तिचं लक्ष यांच्या हाताकडे गेलं.

"करीन," हे म्हणाले.

"म्हणजे, तसं काही नाही, बाबा. अंगठाही चालतो. मी विचारलंय."

"अंगठा नाही," हे म्हणाले. "तुझ्या लग्नाला नाही. आणि त्या ऑफिसात तर नाहीच नाही."

हातात सात आठवडे होते.

मी आधी फोनपाशी असायचं ते बॉलपेन यांच्या उजव्या हातात दिलं. बॉलपेन दाबावं लागतं आणि यांच्या बोटांत दाब उरला नव्हता. पेन कागदावरून फिरलं आणि कागद कोराच राहिला. हे त्या कोऱ्या कागदाकडे बघत बसले. मला कीव आली, आणि कीव आली म्हणून आणखी राग आला. मी कपाट उघडलं, सगळ्यांत जाड निबेचं पेन काढलं आणि त्यात शाई भरली. ती निब नुसती टेकवली तरी रेघ उमटत होती. म्हणजे त्रेचाळीसमधलं एक तरी कामाचं निघालं. पण लेकीच्या जुन्या वहीच्या कागदावर निब अडकायची, आणि एकदा अडकली की यांना हात पुढे ढकलता येत नव्हता. मी स्टूल घेतलं, वरच्या खणातून ते पाकीट काढलं आणि त्याची पट्टी फाडली.

"अगं," हे म्हणाले.

"चांगलं काम कोणतं ते तुम्ही सांगा. नाहीतर मी सांगते."

यांनी डाव्या हाताने पहिलं पान पुढे ओढलं.

मग रोज सकाळी एक पान, दोन्ही बाजूंनी. पहिला आठवडा नुसते ओरखडे. मी शेजारी बसून शाळेतल्या बाईंसारखी म्हणायची, "वाकडं आहे. परत." हेही मुकाट्याने परत काढायचे. माझं एवढं ऐकून घेतलेलं मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. दुमजली अक्षर एकमजली झालं, मागे वळून येणारी रेघ सोडून द्यावी लागली. पाचव्या आठवड्यात नाव वाचता येऊ लागलं. चाळिसाव्या पानावर शेवटची दोन टिंबं जागेवर पडली. मला इतका आनंद झाला की मी स्वयंपाकघरात निघून गेले.

शेवटच्या रविवारी मंडळी जमली. डॉक्टरांनी भिंगातून निब पाहिली आणि खिशातून आणलेल्या बारीक हत्याराने तिची चीर आणखी जराशी रुंद केली. "आता स्पर्श पुरे," ते म्हणाले. मुख्याध्यापकांनी शाई निवडली. लग्नाच्या नोंदीला शोभेल अशी गडद निळी हवी, म्हणे. यांनी कापसाच्या कागदावर सही करून दाखवली आणि ती हातोहात फिरली, उजेडात धरली गेली, वाखाणली गेली. खोलीत कागदावर तासन्‌तास बोलणारे सहा तज्ज्ञ बसले होते. त्या ऑफिसातलं रजिस्टर कसल्या कागदाचं आहे, हे एकाच्याही मनात आलं नाही. माझ्याही आलं नाही, पण मी कधी तज्ज्ञ म्हणवून घेतलं नव्हतं.

लग्नाच्या सकाळी पाकिटात एकच पान उरलं होतं. "ते राहू दे," हे म्हणाले. कशासाठी ते मी विचारलं नाही.

यांच्या जुन्या टेबलावर आता जी बाई बसते, तिला काम यांनीच शिकवलेलं. ती उठून उभी राहिली. "या, भाऊसाहेब. इथे बसा." लेकीने आणि जावयाने टेबलाला दोरीने बांधलेल्या बॉलपेनाने सह्या केल्या. मग बाईंनी ते जाडजूड रजिस्टर यांच्यासमोर फिरवलं. यांनी खिशातून पेन काढलं. टोपण काढायला मी हात पुढे केला, तो यांनी कोपराने बाजूला सारला आणि टोपण दातांत धरून फिरवलं. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर यांनी त्याला परत घरात घेतलं नसतं.

पहिलं अक्षर बरोबर उमटलं. मी पाहिलं ते. मग ते फुगायला लागलं.

यांच्या वेळची गुळगुळीत रजिस्टरं केव्हाच संपली होती. हा कागद पातळ आणि खरखरीत होता, शाई पिऊन टाकणारा. त्यात निब ओली, आणि हात सावकाश. दुसरं अक्षर पुरं होईपर्यंत पहिल्याचा वाटाण्याएवढा डाग झाला, आणि तिसऱ्याला दोन्ही एक झाले. हे थांबले नाहीत. रोजच्यासारखी रेघ ओढली. वर डाग पसरत होता आणि हे रेघेच्या शेवटाला नीट जागा बघून दोन टिंबं देत होते. मला ते बघवलं नाही.

"छान झाली, बाबा," लेक म्हणाली. तिला खोटं बोलता येत नाही, माझ्यावर गेली आहे.

बाईंनी पान उलटून पाहिलं. मागची बाजूही निळी झाली होती. "राहू दे, भाऊसाहेब," ती म्हणाली. "मी आत साहेबांना सांगते. समजून घेतील."

"समजून काय घ्यायचं?" हे म्हणाले. "नियम काय आहे?"

तिने पान परत सरळ केलं.

"मीच शिकवलाय तुला. सही फुटली, वाचता येत नसली, तर काय?"

"शेजारी अंगठा," ती खाली बघत म्हणाली.

"मग आण पॅड."

तिने काळ्या शाईचं पॅड आणलं आणि यांचा डावा अंगठा हातात धरला. ती तो पॅडवर दाबायला लागली.

"असा नाही," हे म्हणाले. "पॅड ओलं आहे, दिसत नाही का? आधी रद्दी कागदावर एक घ्यायचा. आणि दाबायचं नाही, दाबलं की चिखल होतो. नखाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत फिरवायचा. एकदाच."

तिने हात सोडला. यांनी स्वतःच रद्दी कागदावर एक ठसा घेतला आणि तो निरखून पाहिला. मग रजिस्टरवर अंगठा टेकवला, फिरवला आणि सरळ वर उचलला. पॅड ओलं आहे हे या माणसाला नुसत्या नजरेने कळलं. मघाशी ही अक्कल कुठे गेली होती, असं अगदी माझ्या ओठांवर आलं होतं. मी ते गिळलं.

ठसा देखणा आला. त्याच भिकार कागदावर तो तसूभर पसरला नाही. रेघ न्‌ रेघ सुटी होती आणि मधला भोवरा स्पष्ट दिसत होता. एवढं स्वच्छ काही यांच्या हातून कागदावर उतरलेलं मी आजवर पाहिलं नव्हतं. बाईंनी त्याच्याखाली दोरीच्या बॉलपेनाने यांचं नाव लिहिलं आणि पुढे लिहिलं, 'यांचा डाव्या हाताचा अंगठा'. ते संपूर्ण वाचून झाल्यावर हे उठले.

लेक आणि जावई पुढे गेले. यांनी काठी डाव्या हातात घेतली आणि हे अंगठा तिच्या मुठीपासून दूर धरून एकेक पाऊल टाकत दारापर्यंत आले. भिंतीचा रंग नवा दिसत होता. चौकटीशेजारचा काळा पट्टाही होता, पूर्वीच्याच जागी. हे थांबले. मी पिशवीतून रुमाल काढून पुढे धरला. मागे बाई रजिस्टर मिटता मिटता थांबली होती.

"काठी धर," हे म्हणाले.

मी धरली. यांनी तोल सावरला, पट्ट्यात जिथे थोडी जागा उरली होती तिथे अंगठा टेकवला आणि सावकाश खाली ओढला. मग काठीसाठी हात पुढे केला.

मी रुमाल परत पिशवीत टाकला आणि काठी यांच्या हातात दिली.