पदराखालचा सौदा

तापल्या बैलाला लगेच पाणी दाखवायचं नसतं, हे मरियाला लहानपणापासून ठाऊक होतं. मोटारीचंही तसंच असतं, हे मात्र तिला इमामपूरच्या घाटात कळलं, आणि तेही उशिरा. रेडिएटर उकळत होता. तिचा नवरा गिदोन तुटून पडलेला पंख्याचा पट्टा शोधायला उतार उतरून गेला होता. त्याला मदत म्हणून तिने विहिरीवरून घागर आणली आणि थंडगार पाणी रेडिएटरच्या तोंडात ओतलं. आतून ‘कट्’ असा आवाज आला. बस्स, तेवढाच. इंजिनाच्या बिडाच्या ब्लॉकला वीतभर भेग पडली होती.

गिदोनने वर येऊन भेग पाहिली आणि बॉनेट बंद केलं. तो रागावला असता तर तिला बरं वाटलं असतं.

ते १९४६ साल. लष्कराच्या मोटारखान्यातून सुटून आल्यावर गिदोनने एक जुनी शेवरलेट सर्व्हिस मोटार उभी केली होती, सोनई ते नगर. त्याआधी या रस्त्यावर एकट्या रंगनाथशेठच्या गाड्या धावत. त्यांत ख्रिस्तवाड्यातल्या आणि महारवाड्यातल्या माणसांनी भाडं पुरं द्यायचं आणि बसायचं मात्र टपावर, गाठोड्यांशेजारी. गिदोनच्या मोटारीत दाराशी मरियाच्या हातची पाटी होती : ‘जो आधी येईल तो पुढे बसेल.’ आता येत्या सोमवारी नगरला मोटार तपासून घ्यायची होती. ती चालत आली नाही तर परवाना जाणार होता, आणि परवाना गेला की पुन्हा शेठच्या गाडीचा टप होताच.

नवं इंजिन मिळणं शक्यच नव्हतं. त्याच जातीची एखादी पडीक गाडी शोधायची, तिचं इंजिन काढायचं आणि आपल्या गाडीत बसवायचं, एवढाच मार्ग होता. नगरच्या भंगारवाल्यांनी हात वर केले. शेठचा निरोप आधीच पोचला होता. मग कुणीतरी सांगितलं, घोडेगावला आक्काबाईंच्या मालकांची शेवरलेट आहे. लढाईत पेट्रोलची कुपनं आली तेव्हापासून ती उभीच होती. पुढे मालकही गेले. बाजाराच्या दिवशी दलाल भीमा ती विकायला काढणार होता.

गुरांच्या बाजारात, बैलांच्या रांगेच्या टोकाला, लिंबाच्या गर्द सावलीत ती गाडी उभी होती. शिंगांना रंग लावलेल्या एका खिलारी जोडीशेजारी ती अगदीच गरीब दिसत होती.

“या मिस्त्री,” भीमा म्हणाला. “आनि ह्या पानी पाजनाऱ्या बाई व्हय? आमच्या बैलांपासून जरा लांब उभ्या ऱ्हावा बरं का!”

चार माणसं हसली. मरियाने ऐकून घेतलं. गिदोनने काठी काढली. तिच्यावर आपल्या इंजिनाच्या पायांमधलं अंतर त्याने खाचा पाडून आणलं होतं. बॉनेट उघडून काठी लावली. खाचेला खाच बसली.

भीमाने हँडल मारलं. पहिल्याच फेरीला इंजिन सुरू झालं.

“बघा! पाच वर्सं उभी, आनि एका हिसक्यात!”

गिदोनचा चेहरा उजळला. मरियाने मात्र भीमाला इंजिन बंद करायला लावलं आणि रेडिएटरच्या तळाशी हात लावला. मग सीटखालच्या पत्र्याला लावला. पत्रा गार होता. रेडिएटर चांगला कढत होता. एका मिनिटात पायलीभर पाणी एवढं तापत नाही.

“सकाळी किती येळ चालवली?” तिने विचारलं.

“कोन म्हनतं चालवली? ऊन हाय बाई.”

“ह्या सावलीत उनानं निसतं नाकाडच तापतं व्हय? माझा बाप ह्याच बाजारात गुरं राखायचा, भीमाभाऊ. लंगडा बैल पहाटे दोन कोस फिरवून आनला की बाजारात लंगडत न्हाई. आमी बसतो. निवू द्या.”

“बसा की! संध्याकाळ हुईल.”

“हू द्या.”

ती गाडीच्या पायरीवर बसली. भाकर खाल्ली. येणारीजाणारी माणसं बैल बघत होती आणि तिलाही बघत होती. तिने कुणापुढे नजर खाली केली नाही. उन्हं कलली तेव्हा गिदोनने हँडल हातात घेतलं. तिने फेऱ्या मोजल्या. एकेचाळिसाव्या फेरीला इंजिन धापा टाकत सुरू झालं आणि मागून निळा धूर निघाला. गिदोनने काठीचं एक टोक ब्लॉकला, दुसरं कानाला लावलं आणि डोळे मिटून आतले ठोके ऐकले.

“पिस्टनच्या रिंगा गेल्यात,” तो तिला म्हणाला. “पन हाडं शाबूत हायेत. रिंगा आपल्या इंजिनातल्या हायेत की, नाताळातच नव्या टाकल्यात.”

आता सौदा. घोडेगावात तो तोंडाने होत नाही. दोघांनी रुमालाखाली हात धरायचे आणि बोटं दाबून भाव सांगायचा. बघणाऱ्यांना फक्त रुमाल हललेला दिसतो. गिदोनच्या उजव्या हाताची दोन बोटं लढाईत ब्रह्मदेशात राहिली होती. मरियाने हात पुढे केला.

भीमा मागे सरला. “बाईमानसाचा हात कसा धरू? आनि त्यातून…”

“त्यातून काय? बोल की भाऊ. टपावर बसनारीचा हात, आसंच ना?”

कुणी हसलं नाही. भीमाने रुमाल झटकून खांद्यावर टाकला. मागे एक धमणी, पडद्याची बैलगाडी, उभी होती. तिचा पडदा हलला आणि आक्काबाई उतरल्या. दिवसभर त्या आत बसून सगळं ऐकत होत्या.

“गाडी माझ्या मालकाची,” त्या म्हणाल्या. “शेठ मला सांगतो, इकू नको, मी सांगीन तवा दे. हा भीमा सांगतो, आक्का, तुमी पडद्यात बसा. माझ्या गाडीचा भाव मलाच समद्यांत शेवटी कळायचा. ये ग पोरी. तुला बोटं येत्यात?”

“बापानं शिकीवलंय.”

आक्काबाईंनी आपला पदर पसरला. त्याखाली दोन हात भेटले. मरियाने निळा धूर वजा करून उरलेला भाव दाबला. आक्काबाईंनी बोट सोडलं, दुसरं धरलं. पदर तीनदा हलला, थांबला आणि उठला. सौदा झाला.

तेवढ्यात शेठ घाम पुसत आला. “आक्का, हे काय? ही जे देती त्याच्या दुप्पट मी देतो.”

आक्काबाई बोलायच्या आत भीमा बोलला. आवाज बारीक होता, पण बोलला. “हात झाला, शेठ. पदर उठला. आता फिरवला तर उद्या ह्या बाजारात माझ्या रुमालाखाली कोन हात घालंल?”

तीन बल्ल्या, एक साखळी आणि गिदोनची आठ बोटं, एवढ्यावर दोन्ही इंजिनं बाहेर निघाली. रविवारी उपासनेची घंटा झाली तेव्हा मरिया देवळात नव्हती. ती रॉकेलने रिंगा धूत होती. पाळकांनी विचारलं तर काय सांगायचं, हे तिने ठरवलंच नव्हतं.

सोमवारी इमामपूरच्या घाटात मोटार पुन्हा उकळली. मागून शेठची गाडी भरून आली आणि शेजारी मंदावली.

“पानी घाल की ग!” वाहक ओरडला. टपावरची माणसंसुद्धा हसली.

मरिया घागर घेऊन उतरली. ती जमिनीवर ठेवली आणि शेजारी बसली. “घालीन,” ती म्हणाली. “निवल्यावर. आनि ए टपावरच्यांनो, उतरा की! ही मोटार आज नगरला जानार हाय. पुढच्या जागा मोकळ्या हायेत.”

वाहकाने घंटी मारली. गाडी हलायच्या आत टपावरून एक गाठोडं खाली पडलं. मागून एक म्हातारी शिडी उतरू लागली.